पहिल्या दिवशी दहा मिनिटं

“भावजी, शास्त्र नंतर सांगा. उद्या सकाळी उठून मी नेमकं काय करू, तेवढं आधी सांगा.”

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या वहिनींनी मला हा प्रश्न विचारला. वय ४७, बँकेत नोकरी, दिवसाचे आठ तास खुर्चीत. उंची पाच फूट दोन इंच, वजन ७२ किलो. तपासणीत उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली होती आणि “वजन कमी करा, व्यायाम करा” एवढंच सांगणारी चिठ्ठी हातात होती. जानेवारीत त्यांनी एका जिममध्ये वर्षाची फी भरली होती. पहिल्याच दिवशी तिथे त्यांच्याकडून पन्नास बैठका काढून घेतल्या. दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना. तिसऱ्या आठवड्यात गुडघा दुखायला लागला आणि जाणं थांबलं. रात्रीचं जेवण सोडून नुसतं सूप घ्यायचं ठरवलं होतं, ते अकरा दिवस चाललं. शेवटी “हे माझ्याच्याने होणारं नाही” असं त्यांनी स्वतःला सांगून टाकलं.

आपल्याकडे अशा माणसाला आपण चटकन ‘आरंभशूर’ म्हणून मोकळे होतो. मला तो शब्द इथे अन्यायाचा वाटतो. वीस वर्षं बसून काम केलेल्या शरीरावर पहिल्याच दिवशी पन्नास बैठकांचा भार टाकला, तर ते दुखणारच. दिवसभर कामात असलेल्या बाईला रात्री वाटीभर सुपावर ठेवलं, तर तिला भूक लागणारच. यात जिद्द कमी पडली असं म्हणता येत नाही. सुरुवात झेपण्यापेक्षा मोठी होती, एवढंच. आजवर हलायची सवय नसलेल्या माणसाने पहिलं पाऊल इतकं लहान टाकावं, की कंटाळ्याच्या, पाहुण्यांच्या, पावसाच्या दिवशीही ते टाकता यावं. या लेखात सांगायचंय ते हेच. बाकीचं सगळं त्या पावलामागून येतं.

आधी टेप, मग काटा

सुरुवातीला शिंप्याची टेप घ्या. सर्वात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, साधारण बेंबीच्या पातळीला, ती पोटाभोवती धरा. पोट आत ओढू नका, श्वास सहज सोडा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. भारतीयांसाठी पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असं वैद्यकीय तज्ज्ञ मानतात. वहिनींचा घेर भरला ९४.

टेप आधी का, याचं उत्तर पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे काट्याच्या हिशेबाने दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. बीएमआय सारखा, पण आतला माल वेगळा. हातपाय बारीक, पोटात मात्र चरबी साठलेली, ही भारतीय शरीराची ठेवण याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही दाखवून दिली.

म्हणून आपल्यासाठी मोजपट्टीही जरा कडक आहे. युरोपीय लोकांमध्ये बीएमआय २५च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात. भारतीयांमध्ये ती रेघ २३वर येते आणि २५पासून लठ्ठपणा मोजतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागलं की बीएमआय मिळतो. वहिनींचा आला २९. पोटाच्या आत, यकृताभोवती साठणारी चरबी साखर, रक्तदाब आणि हृदय या तिन्हींना त्रास देते. चांगली गोष्ट अशी, की खाणं-हलणं सुधारलं की हीच चरबी लवकर हलायला लागते. काट्यावर फार फरक दिसत नसताना नाडी किंवा पँट सैल होते, ती यामुळेच.

टेपनंतर दुसरं काम डॉक्टरांना भेटण्याचं. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर खाणं आणि चालणं बदलल्यावर साखर अचानक खाली जाऊ शकते, त्यामुळे औषधाचं प्रमाण विचारून घ्यावं लागतं. रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण, जुनी गुडघेदुखी किंवा कंबरदुखी असेल, चालताना छातीत दडपण येत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरुवात करू नका. वजन अलीकडे विनाकारण वाढलं असेल तर थायरॉईडची तपासणीही करून घ्यावी.

वजन उतरतं ते कसं

शरीर रोज किती खर्च करतं आणि आपण त्याला किती देतो, यातल्या फरकावर वजन ठरतं. खर्च जास्त आणि जमा कमी झाली, की शरीर साठवलेली चरबी मोडून खर्च भागवतं. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोजच्या हिशेबात २५० कॅलरींची तूट पडली तर महिन्याला एक किलो उतरतं. ५०० कॅलरींची तूट पडली तर दोन. वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही थोडा कमी होतो, म्हणून पुढे पुढे हा वेग मंदावतो. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मग “आठवड्यात पाच किलो” अशा जाहिरातींचं काय? पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येऊ शकतो, पण ते मुख्यतः पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाने साखरेचा साठा असतो आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात-पोळी एकदम बंद केली की तो साठा संपतो आणि पाणी निघून जातं. नीट जेवायला लागल्यावर दोन दिवसांत ते परत येतं आणि माणूस हिरमुसतो. घाम काढणारे पट्टे आणि प्लास्टिकचे सूटही पाणीच काढतात. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटावरची चरबी उतरवता येत नाही. चरबी कुठून आधी उतरायची, ते शरीर स्वतः ठरवतं.

आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा नवख्या माणसासाठी चांगला वेग आहे. पहिलं ध्येयही लहानच ठेवा, आत्ताच्या वजनाच्या पाच टक्के. वहिनींच्या बाबतीत ते झालं ३.६ किलो. एवढ्यानेही साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी यांत फरक दिसायला लागतो. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल २००२ साली आला. सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, एवढं ध्येय ज्यांना दिलं होतं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर असाच अभ्यास केला. २००६ साली आलेल्या त्याच्या निकालातही फक्त राहणी बदलून हा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वजन प्रामुख्याने ताटावर उतरतं. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी असतात. त्या खर्च करायला ७२ किलोच्या माणसाला तासाहून जास्त वेळ झपझप चालावं लागतं. “चालून आलो, आता चालेल” म्हणत गाडीवर थांबलं, की सगळा हिशेब बरोबरीत सुटतो.

मग चालायचं कशासाठी?

चालण्याचा फायदा काट्याच्या पलीकडे जातो, हे फार जुन्या एका अभ्यासाने दाखवून दिलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. ड्रायव्हर दिवसभर बसून गाडी चालवायचा, कंडक्टर तिकिटं फाडत वरखाली करायचा. एका पाळीत कंडक्टर पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा. दोघांचा पगार, राहणी, शहर बरंचसं सारखं. १९५३ साली आलेल्या निकालात कंडक्टरांना हृदयविकार कमी होताना दिसला, आणि झालाच तर उशिरा आणि कमी तीव्रतेने. मुंबईत डबलडेकरचा जिना जे चढले-उतरलेत, त्यांना कंडक्टरच्या पोटऱ्यांवरचा ताण लगेच डोळ्यांसमोर येईल. तो माणूस व्यायामाला कुठे जात नव्हता, दिवसभर कामात हलत होता.

चालताना स्नायू आकुंचन पावतात आणि रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतात. त्या वेळी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चाललं, तरी जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. जेवण झाल्यावर शतपावली घालावी ही जुन्या घरांतली शिकवण आजच्या शरीरशास्त्राशी तंतोतंत जुळते.

म्हणून वहिनींच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं होतं: “उद्या सकाळी काहीच करू नका. उद्या रात्री जेवण झालं की चप्पल न घालता बूट घाला आणि सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं चाला. घड्याळ लावा. दहा झाली की घरी या, अंगात जोर असला तरी.”

“एवढंच?” त्यांनी विचारलं.

“दोन आठवडे एवढंच.”

दहा झाली की परत यायचं, हा भाग मी मुद्दाम सांगितला. उत्साहाच्या भरात पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं चाललेला माणूस तिसऱ्या दिवशी पोटऱ्या चोळत बसतो. हृदय आणि फुप्फुसं थोड्या आठवड्यांत जुळवून घेतात, पण स्नायूबंध आणि सांधे यांना जास्त वेळ लागतो. दम पुरतो म्हणून अंतर वाढवलं, की टाच किंवा गुडघा तक्रार करतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पंधरा मिनिटं, पाचव्या-सहाव्यात वीस, आणि सातव्यापासून आठवड्यातले सहा दिवस पंचवीस. सहा गुणिले पंचवीस म्हणजे १५०, आणि प्रौढ माणसाने आठवड्याला निदान तेवढी मिनिटं मध्यम गतीने हलावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम गती ओळखायला कुठलं यंत्र लागत नाही. चालताना शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलतानाच धाप लागली तर सावकाश चाला. गाणं सहज म्हणता आलं तर थोडा वेग वाढवा.

दहा हजार पावलांचा धसका घेऊ नका. तो आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून आला, त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं’ असा होता. अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांवरच्या २०१९च्या अभ्यासात, दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं. साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. म्हणजे सर्वात मोठा लाभ अगदी न चालणाऱ्याने थोडं चालायला लागण्यात आहे.

मे महिन्यातल्या विदर्भात किंवा मराठवाड्यात सकाळी सातच्या आत चालावं. पावसाळ्यात कोकणात आणि घाटावर इमारतीचा पॅसेज, पार्किंग, नाहीतर हॉलमध्ये टीव्हीसमोर जागच्या जागी पावलं टाकणं हेही चालणंच आहे. पाऊस हे कारण होऊ नये म्हणून ही सोय आधीच ठरवून ठेवा.

खुर्ची आणि ओटा

फक्त चालून आणि कमी खाऊन वजन उतरवलं, तर चरबीबरोबर स्नायूही घटतात. तिशीनंतर तसेही स्नायू हळूहळू कमी होत जातात. स्नायू गेले की शक्ती जाते, शरीराचा रोजचा खर्च कमी होतो आणि उतरलेलं वजन परत येणं सोपं जातं. म्हणून आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच. त्याला डंबेल्स लागत नाहीत. एक खुर्ची आणि स्वयंपाकघरातला ओटा पुरतो.

तिसऱ्या आठवड्यात मी वहिनींना हे करून दाखवलं. चाकं नसलेली, भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसायचं. पाय एकमेकांपासून खांद्यांइतके लांब, चवडे किंचित बाहेर. हात समोर सरळ. छाती थोडी पुढे झुकवायची, टाचांवर जोर द्यायचा आणि उठून उभं राहायचं. गुडघे आत एकमेकांकडे जाऊ द्यायचे नाहीत, ते पायाच्या बोटांच्या रेषेत राहतात का हे पाहायचं. मग ‘एक, दोन, तीन’ मोजत सावकाश खाली यायचं. धपकन बसायचं नाही. खाली येतानाही व्यायाम होतोच. सुरुवातीला आठ वेळा, थोडं थांबून पुन्हा आठ वेळा.

पहिल्या दिवशी वहिनींना हात मांडीवर टेकवल्याशिवाय उठताच येईना. “मग टेकवा,” मी म्हणालो. खुर्चीवर एक उशी ठेवून बैठक उंच केली, तेव्हा हात न टेकवता जमलं. दर आठवड्याला उशी थोडी बारीक करत गेलो. जानेवारीत पन्नास बैठकांनी जो गुडघा दुखला होता, तोच आता मांडीचे स्नायू बळकट झाल्यावर शांत झाला. बऱ्याच गुडघ्यांना विश्रांतीपेक्षा असा बेताबेताने वाढवलेला भार जास्त मानवतो.

दुसरा व्यायाम ओट्याचा. ओटा पुसून कोरडा करायचा, दोन्ही तळवे कडेवर टेकवायचे, पाय दोन पावलं मागे न्यायचे. डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर फळीसारखं सरळ ठेवून कोपरं वाकवत छाती ओट्याकडे न्यायची आणि परत ढकलायची. तालमीत जो जोर काढतात, त्याचाच हा सोपा अवतार. तिसरा, ओटा धरून टाचा उचलायच्या आणि सावकाश टेकवायच्या. तिन्ही मिळून दहा मिनिटं. पोळ्यांची कणीक मुरेपर्यंत वहिनींचं हे होऊन जातं.

व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू ठणकू शकतात. ते स्वाभाविक आहे, हलकं चालल्याने बरं वाटतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, सूज आली किंवा एकाच बाजूला तीव्र वेदना झाली, तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. सूर्यनमस्कार उत्तम व्यायाम आहे. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी गेल्या शतकात तो घराघरांत नेला. पण त्यात वाकणं, तोलणं, हातांवर भार घेणं हे सगळं एकत्र येतं. म्हणून दोन महिने खुर्ची-ओटा झाल्यावर दोन सूर्यनमस्कारांपासून सुरुवात करा.

ताट बदलायचं, पण एकेक पदार्थाने

आता मुख्य गोष्ट, ताट. सगळं एकदम बदलू नका. दर दोन आठवड्यांनी एकच बदल करा, तो अंगवळणी पडला की पुढचा.

पहिला बदल चहाचा. दिवसाला चार कप आणि कपात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास थांबली तर उत्तम. दोन चमच्यांचा एक करा. जीभ दहा-बारा दिवस कुरकुरते, मग जुना चहाच पाकासारखा गोड लागतो. ८० कॅलरी वाचल्या.

दुसरा बदल तेलाचा, आणि तो घरात कुणालाच जाणवत नाही. तेलाचा नवा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा. वहिनींच्या घरी माणसं चार आणि पाच लिटरचा डबा बरोबर महिनाभर पुरायचा. हिशेब केला, तर माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम तेल होत होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुचवलेल्या दोन हजार कॅलरींच्या ताटात तेल-तूप आहे २७ ग्रॅम. फरक ११ ग्रॅमचा, म्हणजे माणशी रोज शंभर कॅलरी. वहिनींनी कढईत थेट ओतणं बंद केलं आणि चमच्याने मोजून फोडणी द्यायला सुरुवात केली. डबा सहा आठवडे पुरायला लागला. भाजी तीच, चव तीच, आणि फायदा घरातल्या चौघांनाही झाला.

आता बेरीज करा. चहातले ८०, तेलाचे १०० आणि पंचवीस मिनिटं चालण्याचे ७५, मिळून रोजच्या २५५ कॅलरी. महिन्याला साडेसात हजारांच्या वर, म्हणजे जवळपास एक किलो चरबी. एकही जेवण न सोडता! थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण उलट्या दिशेनेही तितकीच खरी आहे.

तिसरा बदल ताटाच्या मांडणीचा. मराठी ताटात वजन वाढवणारा पदार्थ बहुधा शोधूनही सापडत नाही. बिघडलेलं असतं ते प्रमाण. चार पोळ्या, वर भात, पातळ वरण आणि कडेला दोन चमचे भाजी. हे उलटं करा. निम्म्या ताटात भाजी, पालेभाजी, कोशिंबीर. पाव भागात पोळी, भाकरी किंवा भात यांपैकी एक. उरलेल्या पाव भागात प्रथिनं: घट्ट वरण, मटकीची किंवा मुगाची उसळ, पिठलं, अंडी, मासे, चिकन, पनीर. भात बंद करायची गरज नाही, फक्त पोळीवर भात नको. ज्वारीची भाकरी चांगलीच आहे, पण तीन भाकऱ्या या तीनच भाकऱ्या असतात.

प्रथिनांकडे खास लक्ष द्या. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला ५० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा. शाकाहारी घरात दोन्ही जेवणांत उसळ किंवा वरण आणि एका वेळी दही असं जमवल्याशिवाय हा आकडा गाठता येत नाही. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि कमी खाताना स्नायू टिकतात.

चौथा बदल संध्याकाळचा. बहुतेकांचा दिवस पाच ते साडेसातमध्ये बिघडतो. कामावरून आल्यावर चहाबरोबर फरसाण, खारी, बिस्किटं. भूक खरी असते, तिला दाबू नका. फुटाणे, एखादं फळ, मोड आलेल्या मटकीची भेळ, ताक असं काहीतरी हाताशी ठेवा. फरसाणाचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवला, तरी हात कमी वेळा जातो.

उपवासाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपल्या माणसांनीच ओळखून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात शेंगदाण्याचं कूट, ज्यात निम्मं तेलच असतं, वर तूप आणि बटाटा. उपवास श्रद्धेचा असेल तर जरूर करा. पण वजनासाठी करत असाल, तर ताक, फळं, राजगिरा, भगर आणि दाण्याची आमटी बेताने घ्या. लग्नसराई, गणपती, दिवाळी यांना घाबरू नका. पुरणपोळी बसून, चवीने, एक खा. सणाचा दिवस वजन वाढवत नाही. सणानंतर पंधरा दिवस उरलेला फराळ वाढवतो.

काटा हलत नाही तेव्हा

वजन रोज करू नका. मीठ, पाणी, पाळी, आदल्या रात्रीचं जेवण यांमुळे ते दिवसाला किलो-दीड किलो वरखाली होतं. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी काट्यावर उभे राहा. महिन्यातून एकदा टेप लावा. चार आठवडे दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत तरच ताटात काय चुकतंय ते शोधा. बहुतेक वेळा चूक चाखण्यात, मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवण्यात किंवा सुट्टीच्या दिवशी बाहेर खाण्यात सापडते.

झोपेचाही हिशेब ठेवा. रात्री पाच तासच झोप झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोड-तळलेल्याकडे मन ओढतं. सात तास झोप मिळाली तर ताटावरचा संयम अर्धा सोपा होतो.

आणि खाडा झाला तर? होणारच. लंडनमधल्या एका विद्यापीठात लोकांना नवी सवय लागायला किती दिवस जातात हे मोजलं. २०१०मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला आठ महिन्यांच्या वर लागतील असा अंदाज आला. त्यात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणून मी वहिनींना एकच नियम दिला होता: एक दिवस चुकला तर चुकू दे, सलग दोन चुकू देऊ नका. अंग मोडून आलं असेल, दिवस वाईट गेला असेल, तर पाचच मिनिटं चाला. पण बूट घाला.

जून संपता संपता वहिनींचं वजन झालं ६८.६ किलो, घेर ८९ सेंटिमीटर. बारा आठवड्यांत ३.४ किलो. ठरवलेल्या पाच टक्क्यांपेक्षा थोडंसं कमी आणि घेर अजून ८०च्या बराच वर, म्हणजे वाट पुढे आहेच. उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावरून एक पाऊल मागे आली.

जुलैतल्या एका रविवारी आम्ही सगळे पर्वतीवर गेलो. जानेवारीत त्या अर्ध्या वाटेत दोनदा बसल्या होत्या. या वेळी शेवटची पायरी चढून वर देवळापाशी थांबल्या, पदराने कपाळ पुसलं आणि मागे वळून म्हणाल्या, “भावजी, बोलता येतंय. गाता नाही येत.”

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. चढाईला लागली होती दहा मिनिटं.